पाहुणीने पाहिलेली अमेरिका : पंडिता रमाबाई

१८८९ च्या डिसेंबरात मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून एक मराठी पुस्तक बाहेर पडले. नाव ‘यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’. लेखिका पंडिता रमाबाई, वय अवघे एकतीस. त्या काळी असल्या पुस्तकांचा प्रवाह उलट्या दिशेने वाहत असे. तिकडून साहेब यायचे, पाद्री यायचे, हिवाळ्यात दोन-तीन महिने फिरून जाणाऱ्या मडमा यायच्या, आणि परत गेल्यावर आपल्या जाती, आपले देव, आपल्या बायका, आपली संस्थाने यांवर पुस्तक लिहायच्या. आपण ते वाचायचे आणि एक तर मान खाली घालायची किंवा चिडायचे. इथे मात्र आपल्यातली एक विधवा तिकडे गेली, जवळपास पावणेतीन वर्षे राहिली आणि त्यांचे सरकार, त्यांच्या निवडणुका, त्यांचे कायदे, त्यांच्या शाळा, त्यांचे दोष सगळे टिपून मराठीत मांडते झाली. लक्षात घ्यायचे ते हे की, तिच्या स्वतःच्या देशात तेव्हा लोकांनी निवडून दिलेले विधिमंडळ नव्हते. ती ज्या राज्याची प्रजा होती तिथे तिला मत नव्हते, आणि ज्या राज्याबद्दल ती लिहीत होती तिथल्या बायकांनाही बहुतेक ठिकाणी नव्हते.

रमाबाईंचे नाव निघाले की शारदा सदन, धर्मांतर आणि केडगावचे मुक्ती मिशन या तीन गोष्टी आपल्याकडे हमखास निघतात. या पुस्तकाची आठवण फारशी कुणी काढत नाही. म्हणून या लेखात आम्ही त्यांचे चरित्र या पुस्तकाच्या बाजूने सांगत आहोत.

आम्हाला त्यांच्याबद्दल ओढ वाटण्याचे आणखी एक कारण आहे. रमाबाई महाराष्ट्रात जन्मल्या नाहीत. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मूळचे मंगळूरकडच्या चित्पावन कुटुंबातले. म्हणजे आपल्यासारखेच, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेले मराठी घर. अनंतशास्त्री शिकायला पुण्याला गेले होते. त्यांचे गुरू दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीला संस्कृत शिकवीत. बाईच्या तोंडून संस्कृत श्लोक ऐकून या तरुणाच्या मनात आले, की आपल्या बायकोलाही शिकवायचे. गावी परतल्यावर घरच्यांनी आणि गावकऱ्यांनी विरोध केला. पुढे लक्ष्मीबाईंशी दुसरे लग्न झाल्यावर त्यांनी हट्टाने तिला शिकवले. उडुपीला पंडितांच्या सभेत जाऊन स्त्रीला संस्कृत शिकवणे शास्त्राविरुद्ध नाही हे त्यांना पटवून द्यावे लागले. मग वस्तीतली कटकट सोडून ते पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. तिथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. भोवती कानडी आणि तुळू बोलणारा मुलूख, घरात मराठी आणि पोथीत संस्कृत. तीर्थयात्रांच्या वाटेवर आईने लेकीला पाठ करून घेतलेले पुराण आणि व्याकरण हीच तिची शाळा.

पाहुण्यांचे आदरातिथ्य आणि देवधर्म यांत घरची पुंजी संपली. कुटुंब गावोगाव पुराण सांगत फिरू लागले. १८७० नंतरच्या दुष्काळाच्या वर्षांत आई, वडील आणि थोरली बहीण असे एकापाठोपाठ एक गेले. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास हजारो मैल पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी परीक्षा घेऊन पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. दोनच वर्षांनी भाऊ वारला. मग बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी, जातीबाहेर, नोंदणी पद्धतीने विवाह झाला. १८८१ मध्ये मनोरमा झाली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने नवरा गेला. चोविसाव्या वर्षी ही बाई कडेवर मूल घेऊन पुण्यात आली. पुणेकरांना ती आपली वाटली तशी परकीही वाटली. भाषा आपली, आडनाव आपले, पण वाढलेली कुठे, लग्न कुणाशी, राहणी कशी! परक्या ठिकाणी उभे राहून पाहण्याची सवय त्यांना तेव्हाच लागलेली होती असे आम्हाला वाटते.

पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिले, आणि १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे मराठीत साक्ष देऊन मुलींसाठी शिक्षिका व स्त्री डॉक्टर हवेत असे सांगितले. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचे मनात होते, पण ऐकायला कमी येत असल्याने तो विचार सोडावा लागला. वाँटेज इथल्या मठात त्या राहिल्या. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथे आत्महत्या केली. हा धक्का ताजा असतानाच सप्टेंबरात रमाबाईंनी आणि छोट्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. इकडे गदारोळ उठला. जोतीराव फुले हे त्यांची बाजू घेऊन लिहिणाऱ्या थोडक्या लोकांपैकी एक.

पण बाप्तिस्मा घेतला म्हणजे बाई आता सांगितले ते ऐकेल, असा ज्यांचा समज होता त्यांची लवकरच निराशा झाली. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकत होत्या आणि संस्कृत शिकवत होत्या. पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे अशी गोष्ट निघाली तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. हिंदुस्थानात अशाने तिची अब्रू जाईल असे त्यांचे म्हणणे. हिंदुस्थानात पंडितांच्या भरसभेत भाषणे केलेल्या बाईला हिंदुस्थानची रीत इंग्रज बिशप शिकवत होते! रमाबाईंनी पत्रांतून सडेतोड उत्तरे दिली. त्रैक्याच्या सिद्धान्तावरही त्यांनी शंका काढल्या आणि चर्चच्या अधिकाऱ्यापुढे आपली विवेकबुद्धी गहाण ठेवायला नकार दिला. ज्यांच्या छपराखाली राहायचे, ज्यांचे अन्न खायचे, शिवाय जे आपले राज्यकर्ते, त्यांच्याच संस्थेला हे सुनावणे सोपे नव्हते. या वादावादीत त्यांचे वजन वाढले नाही, उलट मठातल्या सिस्टर जेरल्डाइनच्या दृष्टीने त्या कृतघ्न आणि गर्विष्ठ ठरल्या.

१८८६ च्या फेब्रुवारीत, वाँटेजकरांच्या मनाविरुद्ध, त्या लिव्हरपूलहून बोटीने अमेरिकेला निघाल्या. निमित्त होते फिलाडेल्फियाला आनंदीबाई जोशी डॉक्टर होत होत्या त्या समारंभाचे. ११ मार्च १८८६ ला तो झाला. आनंदीबाई नात्यातल्याच. काही महिन्यांसाठी गेलेल्या रमाबाई १८८८ च्या अखेरीपर्यंत तिथे राहिल्या. कॅनडाच्या सीमेपासून पॅसिफिकच्या किनाऱ्यापर्यंत त्यांनी प्रवास केला, व्याख्याने दिली, बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले, शाळा, तुरुंग, इस्पितळे पाहिली.

ती वर्षे अमेरिकेच्या दृष्टीने मोठी गमतीची होती. न्यूयॉर्कच्या बंदरात स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा उभा राहिला तो २८ ऑक्टोबर १८८६ ला, म्हणजे रमाबाई तिथे असतानाच. स्वातंत्र्य स्त्रीरूपात उभे केले आणि जिवंत स्त्रीला मताचा अधिकार नाही, म्हणून मताधिकार मागणाऱ्या बायकांनी त्या दिवशी बोट भाड्याने घेऊन बंदरातच निषेध केला. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना बंदी झालेली होती. १८८७ च्या कायद्याने मूळ रहिवाशांच्या सामाईक जमिनींची वाटणी सुरू झाली होती आणि उरलेली जमीन गोऱ्यांच्या हाती जाणार होती. गुलामगिरी कायद्याने संपून वीस वर्षे लोटली होती, पण काळ्या माणसाला गोऱ्याच्या शेजारी बसता येत नव्हते.

या देशाबद्दल आधी ज्या परक्यांनी लिहिले त्यांतले बरेचसे इंग्रज. १८३२ साली फ्रान्सेस ट्रॉलप या बाईंनी अमेरिकन लोकांच्या घरगुती चालीरीतींवर पुस्तक लिहून त्यांच्या थुंकण्यापासून जेवण्यापर्यंत सगळ्यावर नाक मुरडले. १८४२ साली डिकन्सनेही प्रवासवर्णनात बरेच टोले हाणले. या टीकेत खरेपणा नव्हता असे नाही, गुलामगिरीवर डिकन्स बोलला ते योग्यच होते. पण सूर असा, की राजा नसलेल्या देशात आणखी काय होणार. अमेरिकन माणसे त्यावर भडकली. त्या दोघांपेक्षा वेगळी हॅरिएट मार्टिनो. १८३४ ते १८३६ या काळात तिने अमेरिकाभर प्रवास केला आणि त्या देशाची परीक्षा त्याने स्वतः जाहीर केलेल्या तत्त्वांवर घेतली. सर्व माणसे समान असे तुम्हीच म्हटलेत ना, मग गुलाम कसे, मग बायकांना राज्यकारभारात जागा का नाही? रमाबाईंनी आपल्या पुस्तकात स्त्रियांच्या स्थितीबद्दल लिहिताना मार्टिनोचा आधार घेतला आहे. हा धागा आम्हाला महत्त्वाचा वाटतो, कारण रमाबाईंची रीतही तीच आहे. इंग्लंडच्या मापाने किंवा हिंदुस्थानच्या मापाने नव्हे, तर अमेरिकेच्याच मापाने त्या अमेरिकेला मोजतात.

पुस्तकाची मांडणी शिस्तीची. समुद्रप्रवास, त्या खंडाचा शोध आणि वसाहतींचा इतिहास, राज्यव्यवस्था, लोकांची घरगुती स्थिती, शिक्षण, धर्मपंथ आणि धर्मादाय संस्था, स्त्रियांची स्थिती, व्यापारउदीम. अध्यक्ष कसा निवडतात, काँग्रेसची दोन सभागृहे कोणती, संस्थानांना म्हणजे तिथल्या राज्यांना कोणते अधिकार, हे मराठी वाचकाला तेव्हा कुठून ठाऊक असणार? रमाबाई ते शाळेतल्या बाईंच्या सबुरीने समजावून सांगतात. लोक आपले राज्यकर्ते स्वतः नेमतात आणि मुदत संपली की बदलतात, ही साधी गोष्ट १८८९ च्या मुंबईत छापून येणे साधे नव्हते. इंग्रजांच्या जुलमी करांविरुद्ध वसाहतींनी बंड केले आणि स्वतंत्र झाल्या, हा इतिहासही त्या रस घेऊन सांगतात. इंग्रज सरकारवर त्यांनी इथे उघड शब्द उगारलेला नाही. उगारायची गरजही नव्हती, वाचणाऱ्याला आपसूक कळत होते. परक्या देशाच्या सरकारबद्दल लिहिणारा पुष्कळदा आपल्याच सरकारबद्दल लिहीत असतो, आणि परक्याची स्तुती हीसुद्धा टीकाच असते, फक्त तिचा पत्ता वेगळा असतो.

कौतुकाबरोबर कानउघाडणीही आहे. आमच्याकडच्या जातिभेदाला नावे ठेवणाऱ्या लोकांच्या देशात रंगावरून माणसाला दूर ढकलतात, हे त्यांनी लिहिले. मूळ रहिवाशांना, ज्यांना गोऱ्यांनी आपल्या चुकीने इंडियन म्हटले, त्यांना फसवून आणि मारून त्यांचा देश घेतला, हेही लिहिले. कपड्यांच्या हौसेपायी बायका टोप्यांवर मेलेली पाखरे मिरवतात यावर तर त्यांचा खरा राग आहे. दारूचा धंदा आणि त्याला मिळणारे राजकीय अभय यांवरही त्या बोलतात.

सगळ्यांत विस्ताराने लिहिला आहे तो स्त्रियांच्या स्थितीचा भाग. बाईला त्याच कामाचा पगार पुरुषापेक्षा कमी, कर द्यायचा पण मत नाही, कायदे करणारे सगळे पुरुष. वायोमिंग प्रदेशात १८६९ पासून बायकांना मताचा हक्क होता, बाकी देशात बहुतेक ठिकाणी नव्हता. सुझन अँथनी यांनी १८७२ च्या निवडणुकीत मत टाकले म्हणून त्यांच्यावर खटला होऊन शंभर डॉलर दंड झाला होता. या चळवळीतल्या पुढाऱ्यांना रमाबाई भेटल्या, १८८८ च्या मार्चमध्ये वॉशिंग्टनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय स्त्री परिषदेला त्या हजर होत्या. मद्यपानबंदीच्या चळवळीतल्या फ्रान्सिस विलर्ड त्यांच्या मैत्रीण झाल्या. तेव्हा या टीकेत निव्वळ बाहेरच्याचा चष्मा नाही. ज्या तक्रारी तिथल्या बायका स्वतः करत होत्या त्याच रमाबाई मराठीत सांगत होत्या. परक्याने दुसऱ्याच्या राज्यकारभारावर टीका करावी तर तिथल्या सोसणाऱ्यांच्या बाजूला उभे राहून करावी. रमाबाईंनी निदान बायकांच्या बाबतीत ते केले.

निदान म्हणतो, कारण उणेही सांगायला हवे. रमाबाईंनी अमेरिका पाहिली ती यजमानांच्या घरातून. हे यजमान बहुतेक गोरे, सुखवस्तू, प्रॉटेस्टंट, सुधारकी. माहिती घेतली ती बऱ्याचशी त्यांच्या पुस्तकांतून आणि अहवालांतून. त्यामुळे काळ्या लोकांच्या हालांना पुस्तकात जागा आहे पण ती थोडी, आणि त्यांच्यापैकी कुणाचा आवाज जवळपास नाहीच. दुसरे असे, की १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली होती आणि हिंदुस्थानात विधवांची शाळा काढण्यासाठी दहा वर्षे पैसा पुरवण्याचे तिने कबूल केले होते. ज्यांचा पैसा घ्यायचा त्यांच्याबद्दल लेखणी थोडी मऊ होणार. ती झालेली काही पानांवर दिसते. आपण हे त्यांच्याविरुद्ध धरत नाही, पण दिसते ते दिसते.

आता नाण्याची दुसरी बाजू. अमेरिकेत असतानाच, १८८७ मध्ये, रमाबाईंनी ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक लिहिले. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठाता रेचल बॉडली यांची त्याला प्रस्तावना. पुस्तक हजारोंनी खपले आणि त्या पैशातूनच शाळेची पायाभरणी झाली. त्यात बालविवाह, विधवांचे हाल, शास्त्रांतली स्त्रीविषयीची वचने हे सगळे आहे. म्हणजे घरची लक्तरे वेशीवर टांगली, तीही सातासमुद्रापार नेऊन. पुण्यामुंबईत त्यांच्यावर याचा राग धरला गेला तो समजण्यासारखा आहे. परक्यांना आपल्याला नावे ठेवायला आयते साधन मिळाले, असे लोकांना वाटले.

पण ते पुस्तक नीट वाचले तर एक गोष्ट ध्यानात येते. रमाबाई तिथेही इंग्रज सरकारला सोडत नाहीत. त्याच वर्षी, मार्च १८८७ मध्ये, मुंबईच्या उच्च न्यायालयाने रखमाबाईंना हुकूम केला होता की, नको असलेल्या नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा. लहानपणी न विचारता झालेले लग्न! स्त्रियांचा उद्धार करायला आलो म्हणवणारे सरकार आपल्या कोर्टातून जुन्या रूढीला शिपाई पुरवत होते. रमाबाईंनी अमेरिकन वाचकांना हे दाखवून दिले, की हिंदुस्थानातल्या बाईच्या गळ्यातला फास एकट्या हिंदूंच्या हातात नाही, त्याचे दुसरे टोक विलायती राज्याच्याही हातात आहे. आपल्या माणसांवर टीका करताना राज्यकर्त्यांची पाठ थोपटायची, ही त्या काळची सोपी वाट त्यांनी धरली नाही.

तरी परक्या श्रोत्याच्या हातात गेलेल्या टीकेचे पुढे काय होते यावर सांगणाऱ्याचा ताबा राहत नाही. अमेरिकेतल्या शहरोशहरी रमाबाई मंडळे निघाली होती. १८९४-९५ मध्ये स्वामी विवेकानंद ब्रुकलिनला बोलायला गेले आणि हिंदू विधवांची स्थिती सांगितली जाते तशी नाही असे म्हणाले, तेव्हा तिथल्या रमाबाई मंडळाच्या बायका त्यांच्यावर तुटून पडल्या. एक अमेरिकन शहर, आणि हिंदुस्थानविषयी वाद चाललाय तो दोन हिंदुस्थानी माणसांच्या म्हणण्यांवरून, त्यांतली एक तर तिथे हजरही नाही. दोघेही आपापल्या परीने खरे सांगत होते. ऐकणाऱ्यांना मात्र आपल्याला सोयीचे तेवढेच हवे होते. रमाबाईंच्या मृत्यूनंतर पाचच वर्षांनी, १९२७ मध्ये, कॅथरिन मेयो या अमेरिकन बाईचे ‘मदर इंडिया’ आले. हिंदू समाजाचे दोष दाखवत हे लोक स्वराज्याला लायकच नाहीत असा त्याचा रोख होता. रमाबाईंचे आणि मेयोचे विषय कितीतरी ठिकाणी सारखे आहेत. फरक एवढाच की एकीला त्या घरात राहायचे होते.

१८८९ च्या फेब्रुवारीत रमाबाई जपानच्या मार्गाने मुंबईला परतल्या. ११ मार्चला, आनंदीबाईंच्या पदवीदानाला बरोबर तीन वर्षे झाली त्या दिवशी, चौपाटीवर शारदा सदन सुरू झाले. पहिल्या मुलींमध्ये गोदूबाई होत्या, पुढे धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झालेल्या. पुस्तक निघाले त्याच डिसेंबरात मुंबईला काँग्रेसचे अधिवेशन भरले. अध्यक्ष विल्यम वेडरबर्न, खास पाहुणे ब्रिटिश पार्लमेंटचे सभासद चार्ल्स ब्रॅडलॉ. इंग्रज सरकारवर टीका करायला जमलेल्या सभेचा अध्यक्षही इंग्रज आणि पाहुणाही इंग्रज, पण त्यांना कुणी परका म्हटले नाही. प्रतिनिधींमध्ये मोजक्या बायका होत्या, त्यांत रमाबाई. तिथेच भरलेल्या सामाजिक परिषदेत विधवांच्या केशवपनाविरुद्ध त्या बोलल्या.

पुढच्या वर्षी सदन पुण्याला गेले, आणि १८९३ मध्ये फुटले. काही मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत आहेत असा बभ्रा झाला, ‘केसरी’ने अमेरिकन पैशावर बोट ठेवले, रानडे आणि भांडारकरांसारख्या सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. शाळेत धर्मशिक्षण देणार नाही असे वचन होते. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करत, मुली येऊन बसत. वचन मोडले की नाही यावर आजही दोन मते आहेत. आम्हाला वाटते, अक्षरशः मोडले नाही, पण पालकांचा विश्वास मात्र मोडला.

ज्यांनी त्यांना परकीयांच्या हातचे बाहुले ठरवले होते त्यांना १८९७ मध्ये गप्प राहावे लागले असेल. पुण्यात प्लेग आला. रँडच्या कमिटीने घरझडत्या सुरू केल्या, माणसे उचलून छावण्यांत नेली. सदनातल्या एका मुलीला प्लेगच्या इस्पितळात नेले, आणि तिथे तिच्यावर जो प्रसंग आला त्याबद्दल रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती साप्ताहिकात सरकारी व्यवस्थेला दोष देणारे पत्र छापले. बायकांची काय दशा होते हे त्यांनी स्पष्ट लिहिले. पत्र विलायतेत पोचले, पार्लमेंटात प्रश्न निघाला. गव्हर्नर सँडहर्स्टने आरोप साफ नाकारले. त्याच वर्षी गोखल्यांनी विलायतेत पुण्यातल्या गोऱ्या सैनिकांबद्दल असेच आरोप केले होते. परतल्यावर पुरावा उभा करता न आल्याने त्यांना जाहीर माफी मागावी लागली. रमाबाईंनी माफी मागितली नाही. ख्रिस्ती असणे आणि सरकारी असणे यांत फरक आहे हे त्यांनी असे करून दाखवले, भाषण देऊन नव्हे.

त्याच सुमारास मध्य प्रांतातल्या दुष्काळातून त्यांनी शेकडो मुली आणि विधवा सोडवून आणल्या. प्लेगमुळे त्यांना पुण्यात ठेवता येईना, म्हणून केडगावच्या शेतात तंबू ठोकले. तेच मुक्ती. तिथे बायका शेती करायच्या, विणायच्या, तेल गाळायच्या, छापखाना चालवायच्या. पुढे आपल्या जुन्या हैदराबाद संस्थानात, गुलबर्ग्याला, मनोरमाबाईंनी शाळेचे काम उभे केले. आमच्या भागाचा रमाबाईंशी आलेला हा सरळ संबंध. मराठी आणि कानडीच्या सीमेवरच्या त्या गावात, गंगामूळच्या रानातून निघालेल्या घराण्याची फेरी जणू पुरी झाली होती.

१९१९ मध्ये इंग्रज सरकारने रमाबाईंना कैसर-इ-हिंद पदक दिले. ज्या सरकारला त्यांनी प्लेगच्या साली सुनावले होते, तेच हे सरकार. १९२० साली अमेरिकेतल्या बायकांना देशभर मताचा हक्क मिळाला, रमाबाई तेव्हा हयात होत्या. केडगावात बसून त्या मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलाचे साध्या मराठीत भाषांतर करत होत्या. त्या भाषा त्यांनी उतारवयात शिकून घेतल्या होत्या. १९२१ मध्ये मनोरमा गेली. भाषांतराचे काम हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या.

अमेरिकेवरचे त्यांचे पुस्तक मराठीतच राहिले. ज्यांच्याबद्दल लिहिले त्या लोकांना ते इंग्रजीत वाचायला मिळाले २००३ मध्ये, मीरा कोसंबी यांनी केलेल्या भाषांतरातून. म्हणजे एकशे चौदा वर्षांनी.